समुपदेशन संपल्यानंतरचे कर्तव्य

समुपदेशन चालू असताना समुपदेशकाने क्लायंटशी प्रेमसंबंध ठेवू नयेत, याबद्दल या व्यवसायात दुमत नाही. मतभेद आहेत ते समुपदेशन संपल्यानंतरच्या काळाबद्दल.

अमेरिकेतील तीन संघटनांची या प्रश्नावर तीन उत्तरे आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९९२च्या आचारसंहितेत किमान दोन वर्षांची मुदत घातली. त्यानंतरचा संबंधही अगदी अपवादात्मक परिस्थितीतच क्षम्य ठरतो आणि त्यात शोषण नाही, हे मानसशास्त्रज्ञानेच सिद्ध करायचे असते. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनने २००५ साली ही मुदत पाच वर्षे केली. क्लायंटचे जोडीदार आणि कुटुंबीयही त्या बंधनात येतात. मनोविकारतज्ज्ञांची अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशन मात्र पूर्वीच्या रुग्णाशी लैंगिक संबंध कधीच नैतिक मानत नाही.

मुदतीच्या बाजूने मुख्य युक्तिवाद स्वायत्ततेचा आहे. एकदा मदत घेतलेली व्यक्ती आयुष्यभर स्वतःचा निर्णय घ्यायला असमर्थ राहते, असे मानणे हा तिचा अवमान आहे.

विरुद्ध बाजू संमतीच्या मुळाशी जाते. रुग्णाच्या मनात उपजणारे प्रेम उपचाराच्या परिस्थितीतून येते, ते आपल्या व्यक्तिमत्त्वाचे यश समजू नये, असा इशारा सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१५ साली विश्लेषकांना दिला होता. शिवाय एकाने मन उघडे केलेले असते, दुसऱ्याने ते केवळ ऐकलेले असते. ही विषमता शेवटच्या भेटीबरोबर मिटत नाही. पुढे नाते जुळू शकते ही शक्यता चालू उपचारालाही बाधक ठरते: समुपदेशन कधी थांबवायचे, या निर्णयात समुपदेशकाचा स्वार्थ शिरतो. पुन्हा गरज पडल्यास परत येण्याची वाटही क्लायंटसाठी बंद होते.

गोपनीयतेचे तत्त्व येथे निर्णायक आहे. समुपदेशन संपले म्हणून ऐकलेले गुपित उघड करण्याची मुभा कोणी देत नाही. विश्वासाने मिळालेल्या माहितीतून जन्मलेले कर्तव्य ती माहिती असेपर्यंत टिकते. मग त्याच माहितीने दिलेल्या प्रभावाचा वैयक्तिक लाभ न घेण्याचे कर्तव्य दोन किंवा पाच वर्षांनी संपण्याचे कारण उरत नाही. यात क्लायंटच्या स्वायत्ततेचा संकोच होत नाही, कारण संयमाचे बंधन समुपदेशकाने व्यवसायाबरोबर स्वतः स्वीकारलेले असते.

मैत्री, नोकरी किंवा भागीदारी यांना सरसकट बंदी घालता येत नाही. लहान गावात गाठीभेटी टळत नाहीत. तेथे समुपदेशनात मिळालेल्या विश्वासाचा उपयोग कोणाच्या हितासाठी होतो आहे, हीच कसोटी लावावी लागते.