राब आणि प्रभूचा दिवस

शास्त्रपाठ : मत्तय २४ : ३६–५१; लूक १३ : १–५; २ पेत्र ३ : ८–१३



होळी सरली म्हणजे रोह्याजवळच्या वरसे गावापासून पेणच्या खाचरांपर्यंत आपला शेतकरी राबाच्या तयारीस लागतो. कवळ, पालापाचोळा, शेण व गवत ह्यांचे थर पसरून तो वर माती टाकतो, आणि वाऱ्याचा कल पाहून ते भाजतो. त्या काळ्या पडलेल्या जागेत तो बी टाकतो. पाऊस आला म्हणजे तेथे रोप उभे राहते, आणि त्याच रोपाची पुढे लावणी होते. आता मी तुम्हांस विचारतो : राब भाजणाऱ्यास पावसाचा दिवस ठाऊक असतो काय? नसतो. तरी “पावसाची तारीख लिहून द्या, मग मी राब भाजतो,” असे कोणी म्हणत नाही, आणि “पाऊस आता येणारच, मग श्रम कशाला?” असे म्हणून बांधावरही कोणी बसून राहत नाही. पाऊस येणार हे निश्चित, दिवस मात्र अनिश्चित. म्हणूनच तो आधी कामास लागतो. प्रभूच्या येण्याविषयी ख्रिस्ती मनुष्याने कसे असावे, हे ह्याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

प्रथम हे ध्यानात धरा की, त्या दिवसाची तारीख कोणासही दिलेली नाही. ती देवदूतांस ठाऊक नाही, पुत्रासही नाही, केवळ पित्यास आहे, असे प्रभूने आपल्या मुखाने सांगितले. तरी माणसे हिशेब मांडीतच आली. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. कित्येकांनी शेतातील पीक काढलेच नाही. रात्र गेली, सूर्य नेहमीसारखा उगवला, आणि ती भोळी माणसे रडली. त्याच देशात हॅरॉल्ड कॅम्पिंग ह्याने रेडिओवरून २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. तीही गेली, आणि पुढील वर्षी त्याने आपली चूक उघडपणे कबूल केली. आज असे निरोप मोबाइलवरून आपल्या वाडीत पोहोचतात. ज्या निरोपात तारीख आहे, तो प्रभूचा नव्हे, एवढे ओळखण्यास मोठ्या विद्येची गरज नाही. आणि उपदेशक बंधूंनो, भय घालून देऊळ भरते खरे, परंतु भय ओसरले म्हणजे ते रिकामेही होते. आपणांस शुभवर्तमान सोपविले आहे, धाक नव्हे.

दुसरी गोष्ट सांगताना अंतःकरण जड होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला, आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर बांधवांची वस्ती झोपेत असता दरडीखाली गेली. २७ जणांची प्रेते मिळाली. ५७ जण सापडलेच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. अशा वेळी कोणी म्हणतो, “हे त्यांच्या पापाचे फळ, शेवट जवळ आला.” प्रियहो, हे बोलणे आपल्या मुखातून कधीही निघू नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते यरुशलेमेतील इतरांहून अधिक पापी होते काय, असे प्रभूने विचारले, आणि नाही, असे स्वतःच उत्तर दिले. मग मेलेल्यांचा हिशेब मांडण्याऐवजी त्याने ऐकणाऱ्यांस पश्चात्तापास बोलाविले. दरड पडते ती पावसाने सुटलेल्या मातीमुळे व खडकामुळे. ती घरातल्यांचा धर्म विचारीत नाही. “जे ख्रिस्ताचे नाव न ऐकता गेले, त्यांचे काय?” असे कोणी विचारील. अब्राहामाने सदोमाकरिता रदबदली करताना जो भरवसा धरला, तोच आपण धरावा : सर्व पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय करणार नाही. न्यायासन त्याचे आहे. आपल्या हाती कुदळ, भाकरी व सांत्वन एवढेच दिले आहे.

तिसरे, वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. थेस्सलनीका येथील मंडळीत काही जण कामधंदा सोडून इतरांच्या घरी लुडबूड करू लागले, तेव्हा पौलाने त्यांस आपल्या श्रमाची भाकरी खाण्यास बजाविले. आपल्याच महाराष्ट्रातील दाखला घ्या. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे निराश्रित स्त्रियांचा सांभाळ करीत असताना इब्री व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. शरीर थकलेले, घर रिते झालेले. तरी त्यांनी हातातले काम टाकले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूने त्यांस बोलाविले तेव्हा ते भाषांतर सिद्धीस गेले होते. धनी येईल तेव्हा जो दास कामावर आढळेल तो धन्य, ह्या वचनाचा अर्थ केडगावच्या त्या मेजावर पाहावा. तुमचे काम लहान असेल : लेकरास अक्षर शिकविणे, शेजाऱ्याचे देणे फेडणे, भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करणे. तोच तुमचा राब आहे. तो आजच भाजा.

शेवटची गोष्ट सार्वकालिक जीवनाची. पेत्र प्रेषित अग्नीचे वर्णन करतो, परंतु तेथेच थांबत नाही. पुढे तो नव्या आकाशाची व नव्या पृथ्वीची आशा देतो, जेथे नीतीचेच राज्य असेल. राबाची आग शेत नाहीसे करण्याकरिता नसते, तण जाळून बियाण्यास जागा करण्याकरिता असते, हे तुम्ही जाणता. आणि आपली माणसे आपण मातीत ठेवतो, तेव्हा पौल आपणांस पेरलेल्या दाण्याची आठवण देतो : पुरलेला दाणा निराळा, उगवलेले रोप निराळे, तरी जीवन त्याचेच.

हे जीवन केवळ मरणानंतर सुरू होते असे समजू नका. जो पुत्रावर विश्वास ठेवतो तो मरणातून जीवनात पार गेला आहे, असे प्रभू म्हणतो. जाईल असे नव्हे, गेला आहे. वैशाखात डोंगरातले ओहोळ आटतात, तरी वरशाजवळून जाणारी कुंडलिका वाहत असते. का बरे? सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीचा जलाशय आहे. त्याचे पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येते, आणि तेथून कुंडलिकेस मिळते. १९२७ पासून हे चालले आहे. काठावर धुणे धुणाऱ्या बाईस तो जलाशय दिसत नाही, परंतु त्याचे पाणी तिच्या हातात असते. तसेच आपले जीवन ख्रिस्ताबरोबर देवाच्या ठायी लपलेले आहे. उगम दिसत नाही. ओघ मात्र आजच्या क्षमेत, आजच्या प्रीतीत, आजच्या धीरात हातास लागतो. ज्यास हा ओघ लागला, त्याला तो दिवस उद्या आला काय आणि हजार वर्षांनी आला काय, भय कशाचे?

म्हणून घरी जाऊन प्रत्येकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : प्रभू आज सायंकाळी आला, तर माझे कोणते काम अर्धे राहिलेले त्यास आढळेल? जे उत्तर मिळेल, तेथून उद्याचा दिवस आरंभावा.

हे प्रभो, तारखा मोजण्यापासून व शेजाऱ्याचा न्याय करण्यापासून आम्हांस राख. दुःखितांजवळ बसण्यास धैर्य दे. आणि तू येशील तेव्हा आम्ही हातातल्या कामासह तुझ्यासमोर उभे राहावे, असे कर. आमेन.