साखळी मोजून बघ

वास्तुशांतीला आग्रहाने बोलावलंस, संगमरवर कुठून आणला ते सांगितलंस, स्वयंपाकघर हौसेने दाखवलंस. मागच्या अंगणात मात्र नेलं नाहीस. तिथे मी आपणहून गेले. पेरूला बांधलेलं ते कुत्रं पाहिलं आणि पंक्तीत चार माणसांदेखत नको म्हणून गप्प बसले. आज तू माझ्या दारात आला आहेस. बस, आणि मध्ये बोलू नकोस.

साखळी तीन हातांची. तीसुद्धा झाडाला वेढे पडून पडून हातभर उरलेली. साखळी पोचते तेवढ्या गोलात गवताची काडी नाही, आणि त्याच गोलात एका कडेला विष्ठा, दुसऱ्या कडेला अन्नाची थाळी. पाण्याचं भांडं उपडं, पंजा पोचणार नाही इतकं लांब. पट्ट्याखालचे केस झडलेत, कातडं सोललंय, त्यावर माश्या बसताहेत. पिल्लू असताना घातलेला पट्टा कुत्रं वाढलं तरी तू सैल केला नाहीस. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं दिसतं. रोज तिथे उभं राहून पाणी पिणारा माणूस हे बघत नसेल, तर त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंय.

"राखणीला ठेवलंय, बाई," असं मला नंतर तोंड वर करून म्हणालास. कसली राखण? ते पोस्टमनवर भुंकतं, मांजरावर भुंकतं, वाऱ्याने पत्रा हलला तरी भुंकतं. आता घरातलं कुणी उठून बघतसुद्धा नाही. साखळी कुठवर पोचते हे चोराला एका फेरीत कळतं. धनगरांची कुत्री बघ. रात्रभर मेंढरांच्या भोवती मोकळी फिरतात, म्हणून लांडगा जवळ यायला कचरतो. ती खुंट्याला बांधली असती तर वाड्यात एक कोकरू उरलं नसतं.

आणि चावण्याचं काय? अमेरिकेत डेन्व्हर शहरात चावलेली आणि न चावलेली पाळीव कुत्री शेजारी ठेवून अभ्यास झाला, 1994 साली तो प्रसिद्ध झाला. अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत चावण्याचा संभव 2.8 पट निघाला. कारण समजायला अभ्यासही लागत नाही. घाबरलेलं जनावर आधी लांब जायला बघतं. लांब जायची सोयच तू काढून घेतलीस, मग त्याच्याकडे दात उरतात. तुझी सहा वर्षांची भाची त्याच अंगणात चेंडू आणायला धावते. काही झालं तर दोष कुत्र्याच्या माथी मारशील. त्याला डांबून ठेवणारा तू नामानिराळा.

कायदा विचारत होतास ना? "आपल्याकडे असला कायदा आहे कुठे?" शिकलेल्या माणसाच्या तोंडी हे शोभत नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडलं. सरकार स्वतः कायदा आणेल, असं आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिलं, आणि 1960 मध्ये प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा झाला. त्याचं कलम 11 वाच. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा. पुढच्याच पोटकलमात तर कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हा. त्याखाली अन्न, पाणी, निवारा न देणं. तीनही पोटकलमं तुझ्या पेरूखाली एकाच वेळी मोडली जाताहेत.

मग दंड किती, हे तेवढं तू शोधून काढलंस याचं मला जास्त वाईट वाटलं. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम इतकी क्षुल्लक राहिली ही आपल्या सगळ्यांना खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे. गुन्हा अदखलपात्र, पोलीस आपणहून दारात येत नाहीत, हेही तुला पक्कं ठाऊक. पण कलम 29 पर्यंत तू पोचलेला दिसत नाहीस. दोषी ठरलेल्या मालकाकडे जनावराचे पुढेही हाल होतील असं न्यायालयाला पुराव्यावरून दिसलं, तर ते जनावर काढून घेता येतं. दंड परवडतो म्हणून जिवाचे हाल करायचे, हा हिशोब माझ्या वर्गात तुला कुणी शिकवला नव्हता.

बाहेरच्या लोकांनी यात मोघमपणा ठेवलेला नाही. ऑस्ट्रियात 2005 पासून कुत्रं साखळीने बांधून ठेवायला बंदी आहे. जर्मनीने 2022 पासून बांधून ठेवणं बंद केलं, कामाच्या कुत्र्यांपुरती अटींवर मुभा ठेवली. कॅलिफोर्नियात 2007 पासून झाडाला, कुंपणाला कुत्रं बांधायचं तर चोवीस तासांत तीन तासांहून जास्त नाही. टेक्साससारख्या उन्हाच्या राज्यातली हकिकत तर तू मुद्दाम ऐक. तिथे जुन्या कायद्यात मालकाला आधी चोवीस तासांची नोटीस द्यावी लागे. तोवर कुत्रं उन्हात तसंच. नवा कायदा विधिमंडळात मंजूर झाला, तर 2021 च्या जूनमध्ये राज्यपालांनी तो नाकारला. लोक इतके खवळले की त्याच वर्षी पुन्हा मांडून तो मंजूर करावा लागला. जानेवारी 2022 पासून तिथे बाहेर साखळीच चालत नाही. दुसऱ्या कशाने बांधायचं तर निदान दहा फूट, किंवा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट, जे जास्त असेल ते. शिवाय सावली, निवारा, पिण्याजोगं पाणी. तुझी साखळी मोजून बघ. टेप घरात आहे, बंगला त्यानेच मोजून बांधलास.

मे महिन्यात त्या अंगणात दुपारी एक वाजता तू दहा मिनिटं उभा राहून दाखव. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय, आणि त्याला पाणी लागतं. पावसाळ्यात साप निघाला तर तू घरात पळशील. ते कुठे पळेल?

"मग काय रस्त्यावर सोडू?" म्हणे. असं कुणीही म्हटलेलं नाही. उगाच दुसऱ्या टोकाला जाऊन पळवाट काढू नकोस. फिरायला नेताना पट्टा-दोरी हवीच, गाडीखाली जाऊ नये म्हणून, लोकांना त्रास होऊ नये म्हणून. पाहुणे आले, फाटक उघडं आहे, तेवढ्यापुरतं बांधलं तर कायदाही हरकत घेत नाही. तक्रार आहे ती सकाळपासून रात्रीपर्यंत, रात्रीपासून सकाळपर्यंत बांधण्याची. तुझ्या अंगणाला चारही बाजूंनी कुंपण आहे. मागच्या बाजूला जाळी थोडी वाकलीय, ती दुरुस्त केलीस की ते दिवसभर आत मोकळं राहू शकतं. जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला दे. पिल्लू आणताना मुलाचा हट्ट पुरवलास, तेव्हा ते बारा-तेरा वर्षं जगेल हे माहीत नव्हतं का?

आज संध्याकाळी पट्टा काढायचा. ओढू नकोस, कातडीत रुतलाय. कापून काढ आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात ने. उद्यापासून सकाळी तू चालायला जातोस तेव्हा त्याला बरोबर घे, मुलालाही घे. जाळीचं काम रविवारपर्यंत. सोमवारी मी येईन, न सांगता, आणि थेट मागच्या अंगणात जाईन. तेव्हाही ते त्याच पेरूला बांधलेलं दिसलं, तर जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे लेखी तक्रार जाईल. खाली सही माझी असेल, आणि तू माझा विद्यार्थी आहेस हेही मी त्यात लिहीन.