एकट्या सायकलस्वाराचे ऋण

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात केटी ट्रेल नावाची सुमारे 386 किलोमीटरची वाट आहे. एके काळी तिच्यावरून मिसूरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वेच्या गाड्या धावत. 1986 च्या पुरानंतर ही वाहतूक बंद पडली, आणि 1990 पासून त्या जागी टप्प्याटप्प्याने सायकलवाट खुली झाली. तंबू, शिधा आणि पंक्चर काढायचे सामान सायकलवर लादून या वाटेने एकट्याने दिवस काढणाऱ्याला सहज वाटून जाते, की आज मी कोणाचाच मिंधा नाही. पाय आपले, पाणी आपले, वेगही आपला. एकांताची ही ओढ मोलाची आहे, याबद्दल मला शंका नाही. पण एकटा म्हणजे स्वयंपूर्ण, हे मला पटत नाही. उलट असा दिवस माणसाला त्याच्या ऋणासमोर जितका थेट उभा करतो, तितका सोबतीतला दिवस करत नाही.

पाय दमत नाहीत याचे श्रेय पायांचे नव्हे. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी सखल भागात भराव घातले, उंचवटे कापले आणि चढ शक्यतो शंभर मीटरला एक-दोन मीटरपुढे जाऊ दिला नाही. रोशपोर्ट गावाजवळ चुनखडीचा कडा आडवा आला, तेव्हा तो फोडून 243 फुटांचा बोगदा काढला. आज वाटेवर चुनखडीचा बारीक चुरा अंथरलेला असतो; संध्याकाळपर्यंत त्याची पांढरी भुकटी साखळीवर आणि पोटऱ्यांवर बसते. हा चुराही कोणीतरी पसरलेला असतो, पावसाने पाडलेले चर कोणीतरी बुजवलेले असतात. 1993 च्या महापुरात वाटेचे अतोनात नुकसान झाले, तेव्हा ती पुन्हा उभी करावी लागली. बरोबर कोणी असले की उपकार जागच्या जागी फिटतो: त्याने पाणी दिले, आपण आभार मानले, हिशेब संपला. त्या बोगद्यातून एकट्याने बाहेर पडणाऱ्याला मात्र आभार मानायला समोर कोणीच नसते. फेडायची सोय नाही, म्हणूनच घेतलेले लपत नाही.

यावर कोणी म्हणेल, कडा फोडणाऱ्यांना मजुरी मिळत होती, कंपनीला नफा हवा होता, शंभर वर्षांनी येणारा सायकलस्वार कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता; मग ऋण कसले? पण ऋणाला देणाऱ्याचा हेतू लागतोच कुठे? जो कोणी आहे तो जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि माणसे यांचा ऋणी आहे, असे शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ सांगतो. ज्या पूर्वजांचे आपण देणे लागतो, त्यांनीही आपल्याला ओळखून काही केलेले नव्हते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. या प्रदेशाचा मोठा भाग ओसेज या मूळनिवासी लोकांचा होता, आणि अमेरिकेशी झालेल्या 1808 च्या तहाने तो त्यांच्या हातून गेला. अशा जमिनीवर उभे राहून कृतज्ञ होणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे का? नुसत्या कृतज्ञतेपुरते हे खरे आहे. ती मन भरून आले की थांबते. ऋण तसे थांबू देत नाही. घेणे कोणाकोणाकडून झाले हे विचारणे त्यात आलेच, आणि त्या यादीत ज्यांनी राजीखुशीने दिले ते जसे येतात, तसे ज्यांच्याकडून काढून घेतले गेले तेही येतात. म्हणून ओसेजांचे नाव मला या विचारात अडचणीचे वाटत नाही, अटळ वाटते.

मग हे फेडायचे कसे? मेलेल्या मजुराला परत काही देता येत नाही. शतपथ ब्राह्मण माणसांचे ऋण आसरा आणि अन्न देऊन फेडायला सांगते, म्हणजे जो पुढे दारात येईल त्याला देऊन. केटी ट्रेलचा कायदेशीर पाया याच्या फार जवळचा आहे. 1983 मध्ये अमेरिकी काँग्रेसने वाटांविषयीच्या कायद्यात केलेल्या दुरुस्तीनुसार, रेल्वेने वापर सोडलेला मार्ग तुकड्यांत विकला न जाता वाट म्हणून राखता येतो. त्यातली एक अट अशी, की उद्या रेल्वेला गरज पडली तर तो परत द्यायचा. सायकलस्वार तिथे मालक नाही, ठेव सांभाळणारा आहे. त्याच्यानंतरचा हक्कदार दुसरा सायकलस्वार असेल, किंवा पुन्हा एखादी आगगाडी, आणि दोघांसाठीही भराव शाबूत राहायला हवा.