दक्षिणद्वार आणि पूररेषा

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडीत, जिला पंचक्रोशीतील माणसे नुसते ‘वाडी’ म्हणून ओळखतात, पावसाळ्यात नदीचे पाणी घाट चढून दत्तमंदिरात शिरते, मनोहर पादुकांना स्पर्श करून दक्षिणेकडील द्वाराने बाहेर पडते, आणि त्या द्वाराशी स्नान घडावे म्हणून दूरदूरच्या भाविकांची तेथे रीघ लागते. हा दक्षिणद्वार सोहळा ज्या पाण्याने घडतो तेच पाणी आणखी काही हात चढले, की शिरोळ तालुक्यातील गावठाणांत शिरून घरे पाडते, उभा ऊस कुजवते आणि दावणीची जनावरे गिळते. ज्या कृष्णामाईची खणानारळाने ओटी भरली, तिनेच घरात शिरून धान्याची कणगी नासवावी, याचा अर्थ श्रद्धावान माणसाने कसा लावावा, हा प्रश्न त्या मुलखात पुस्तकी राहिलेला नाही.

वाडीच्या पुजाऱ्यांनी मात्र या प्रश्नाचे उत्तर ग्रंथ न लिहिता आपल्या नित्याच्या आचारातून दिले आहे, आणि ते मला विलक्षण मोलाचे वाटते. पाणी वाढण्याचा अदमास येताच ते उत्सवमूर्ती उचलून वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, तेथेही पाणी येईलसे दिसले तर त्याहून उंच जागी तिची स्थापना करतात, आणि पूजेअर्चेचा क्रम तेथे अखंड चालू ठेवतात. पादुका तेवढ्या पाण्याखाली जागच्या जागी राहतात. देव समर्थ आहे, तो आपले आपण पाहून घेईल, असे म्हणून कोणी पुजारी हातावर हात ठेवून बसत नाही, आणि मूर्ती वेळेवर हलविण्यात श्रद्धेची काही उणीव आहे असेही कोणाच्या मनात येत नाही. नदीचे स्वागत आणि नदीपासून देवाचे रक्षण या दोन्ही गोष्टी तेथे एकाच सेवेची अंगे आहेत. मग जी दक्षता देवाच्या मूर्तीविषयी धर्म ठरते, ती शेजारच्या गल्लीतील अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीविषयी दैवाची गोष्ट कशी ठरते?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सुमारे साडेसत्तावन्न फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, आणि २००५ च्या महापुरात पाणी ५४ फुटांच्या आतच थांबले होते. त्या जुन्या पुराच्या खुणा अनेकांच्या भिंतींवर आणि त्याहून अधिक मनांवर होत्या. ‘दोन हजार पाचला पायरीपातूर आलतं, त्येच्या वर काय येत न्हाई,’ या भरवशावर कितीतरी कुटुंबे घर धरून बसली, आणि पाणी माळवदाला लागले तेव्हा बाहेर पडण्याचे रस्ते बुडालेले होते. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटून स्त्रिया आणि मुलांसह अनेकांचा अंत झाला. ती नाव परोपकारबुद्धीनेच निघाली होती, हे आठवले की मन अधिकच विदीर्ण होते. सद्भाव ओतप्रोत असूनही पूर्वतयारी नसली तर केवढा अनर्थ ओढवतो, हे त्या एका प्रसंगाने दाखविले.

दैव म्हणजे पूर्वी केलेल्या पौरुषाचेच फळ, त्याहून निराळी अशी काही शक्ती नव्हे, असे योगवासिष्ठाचे आग्रहाचे प्रतिपादन आहे. हा विचार पुराला लावून पाहिला तर एखाद्या वर्षी पाऊस किती कोसळावा हे आपल्या हाती नसले, तरी नदीच्या पात्रालगत भराव कोणी टाकले, ओढे कोणी बुजविले, जिच्या आत बांधकाम वर्ज्य असते त्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाचे परवाने कोणाच्या सहीने निघाले, हे सारे आपलेच संचित आहे. मात्र येथे एक अवघड गाठ पडते. हे कर्म करणारा एक आणि भोगणारा दुसराच असतो. भरावावर इमले चढविणारा बहुधा उंचावर असतो, आणि पाणी पहिल्यांदा शिरते ते गावाच्या सखल अंगाला, भूमिहीनांच्या आणि दलितांच्या वस्तीत.

१९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर गांधीजींनी ती आपत्ती अस्पृश्यतेच्या पापाचे शासन असल्याचे सांगितले, तेव्हा रवींद्रनाथांनी भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, असे म्हणून त्याचा जाहीर प्रतिवाद केला. गांधीजींच्या मागे आत्मशुद्धीची तळमळ होती याविषयी मला शंका नाही. तथापि मेलेल्यांच्या माथी पाप मारण्याची वाट त्या विचाराने मोकळी होते, म्हणून माझा कौल रवींद्रनाथांच्या बाजूने आहे. पुरात सर्वस्व गमावलेल्या माणसाला ‘तुझे प्रारब्ध’ म्हणणे हे तत्त्वज्ञान नव्हे, ती निर्दयता आहे.

पूर ओसरल्यावर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून धान्य, कपडे, भांडी आणि वैरण यांनी भरलेल्या गाड्या येतात. ही आपल्या लोकांची दानत खरोखर वंदनीय आहे. तलाठी आणि ग्रामसेवक चिखलातून फिरून पंचनामे करतात, आणि पाणी घरात किती दिवस राहिले यावर साहाय्याचा हक्क ठरतो. ज्याच्या घरात ते निकषाहून कमी काळ राहिले त्याची चूलही तितकीच विझलेली असते, हे दफ्तराला दिसत नाही. दानाला आपल्याकडे पुण्याची जोड आहे, कारण तेथे घेणारा समोर उभा असतो आणि त्याच्या डोळ्यांत कृतज्ञता दिसते. उलट ज्याने ज्येष्ठातच नाव दुरुस्त करून ठेवली, तिच्यात किती माणसे बसवायची याचा दंडक घातला, त्याच्या पुण्याईला साक्षीदार नसतो. जी माणसे बुडाली नाहीत, त्यांना आपण कोणामुळे वाचलो हे कळतही नाही. निष्काम कर्माचे याहून शुद्ध उदाहरण मला तरी सुचत नाही.

यात जनावरांचा विचारही आलाच पाहिजे. म्हैस नावेत चढत नाही आणि तिला दाव्याला बांधून जाणे मालकाच्या जिवावर येते, म्हणून तो मागे राहतो. बाहेरून आलेल्या जवानांना हा हट्ट वाटतो. ज्याने तिला पोटच्या पोरासारखे वाढविले, त्याच्या दृष्टीने ते धर्मसंकट असते. यासाठी गावाने पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभा भरवून जनावरे कोणत्या माळावर न्यायची, तेथे वैरण आणि पाणी कोणी पुरवायचे, कोणत्या घरात चालता न येणारे माणूस आहे आणि त्याला उचलायला कोणते दोघे जातील, हे नावानिशी लिहून चावडीवर लावावे. आणि पाणी धोक्याच्या पातळीला पोहोचण्याची वाट न पाहता, इशारा पातळी गाठताच पहिली माणसे आणि पहिली दावण हलवावी.