रिकाम्या खाटेचा हिशेब

सरकारी दवाखान्यास उत्पन्न नाही, रोगीही तेथे थोडेच येतात. मग तो चालू ठेवून लोकांचा पैसा का खर्चावा? हा प्रश्न अलीकडे पुष्कळांच्या तोंडी ऐकू येतो, आणि तो विचारणारे सर्वच निर्दय असतात असे नाही. पैसा लोकांचा आहे. त्याचा हिशेब मागणे हा काही अपराध नव्हे. परंतु हिशेब कोणत्या मापाने करावयाचा, हे आधी ठरले पाहिजे.

१९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, त्यात पैसे देण्याचे सामर्थ्य नाही एवढ्याच कारणाने कोणीही उपचारास मुकू नये, हे तत्त्व धरले होते. पुढे सपाट प्रदेशात ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५,००० वस्तीस एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. ह्या प्रमाणात माणसे मोजली आहेत, मिळकत मोजलेली नाही.

आता रोगी येत नाहीत ह्या तक्रारीविषयी. डॉक्टरची जागा रिकामी ठेवावी, औषधे संपू द्यावीत, रात्री दारास कडी घालावी, आणि वर्षाअखेर रजिस्टर उघडून म्हणावे, ‘पाहा, कोणी फिरकत नाही!’ पोहऱ्याचा दोर काढून घ्यावयाचा, आणि पाण्यास कोणी येत नाही म्हणून विहीर बुजवावयाची, असा हा न्याय आहे. जेथे डॉक्टर टिकून राहिला, तेथे काय घडले तेही पाहावे. शेजारच्या जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडनजीक बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी ती लक्षणे टिपली, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध वापरून ते मृत्यू फारच कमी केले. ‘लॅन्सेट’ ह्या विलायती वैद्यक पत्राने त्यांचे लेख छापले. बिरवाडीच्या केंद्राचे उत्पन्न त्या वर्षी किती होते, हे कोणी विचारीत नाही.

शिवाय दवाखाना कोणासाठी आहे? आपल्या गोदाकाठी पाथरी, मानवत, सोनपेठ ह्या भागांत शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते, आणि गडी अंधारात उसास पाणी देतो. त्यास वर्षातील ३६४ दिवस दवाखान्याचे कारण पडत नाही. ज्या रात्री साप चावतो, त्या रात्री मात्र विषावरचे इंजेक्शन दहा मैलांवर आहे की पन्नास मैलांवर, ह्यावर त्याच्या लेकरांचे पुढचे सर्व आयुष्य टांगलेले असते. त्या एका रात्रीसाठी उरलेल्या रात्री खाट रिकामी राहिली, तर ती वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.

‘मोठे रुग्णालय शहरात आहे, तेथे जावे,’ असे सांगणाऱ्यांनी नांदेड आठवावे. २०२३ च्या सप्टेंबरअखेर तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका दिवसात २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. दोष कोणाचा, हा येथे विषय नाही. परंतु परभणी-हिंगोलीकडील रोगीही तेथेच धाव घेतात, आणि जवळचा दवाखाना लंगडा पडला की त्याचा भार दूरच्यावर जातो, हे उघड आहे.

कुलूप न घालताही दार बंद होते. २०२० साली नीती आयोगाने जिल्हा रुग्णालये खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपविण्याची योजना मांडली. तीत काही खाटा नियंत्रित दराच्या, तर बाकीच्या बाजारभावाच्या. आजाऱ्याच्या खाटेस बाजारभाव! परभणीच्या लोकांनी सरकारीच महाविद्यालय हवे असा हट्ट धरला आणि ते २०२३ साली सुरू झाले, हे त्यांनी शहाणपणाचे केले.

‘आपली मिशनची इस्पितळे आहेत ना?’ असे आपल्यांपैकी काही म्हणतील. मिरजेस डॉ. वॉन्लेस ह्यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले, त्याचे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु दान देणाऱ्याने हात आखडला तर त्याजवर दावा चालत नाही. सरकारपुढे मात्र आपण याचक म्हणून नव्हे, हक्कदार म्हणून उभे राहतो.

तेव्हा उपदेशक बंधूंनी येत्या ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की उठून विचारावे: आपल्या केंद्रात डॉक्टरच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? सर्पदंशाचे औषध आज शिल्लक आहे काय? रुग्ण कल्याण समितीची मागील बैठक कोणत्या तारखेस झाली? उत्तरे लिहून घ्यावीत, आणि खाली सरपंचांची सही मागावी.