पऱ्हाटी कोणाची?

कापसाची शेवटची वेचणी झाली की रानात उरते ती पऱ्हाटी. आमच्या विदर्भात तिला कोणी कचरा म्हणत नाही, पण मालही म्हणत नाही. होळीच्या आत ती उपटलीच पाहिजे, नाहीतर फरदडीच्या बोंडांत गुलाबी अळी मुक्काम करते आणि पुढच्या साली डोकं धरून बसायला लावते. एकरी दहा-बारा क्विंटल काडी. मजूर लावून उपटायची म्हटलं तर परवडत नाही. म्हणून रीतच पडली होती, ज्याला जळण पाहिजे त्यानं चिमटा घेऊन यावं, उपटावी आणि न्यावी.

वस्तीवरची एक म्हातारी वीस-बावीस वर्षं माझं रान असं मोकळं करून देत आली. मी तिला माय म्हणतो. मला वाटायचं, मी तिला जळण देतो. चारचौघांत तसं बोलूनही दाखवलं असेल.

मागच्या साली एक ठेकेदार आला. यंत्रानं उपटून, भुगा करून नेतो म्हणाला, एकरी चारशे रोख. त्या भुग्याच्या कांड्या दाबून बॉयलरला जातात, पांढरा कोळसा म्हणतात त्याला. मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं होतं काय?

मग त्यावर वाचत बसलो, ती खोड मला आहेच. काडीतलं सेल्युलोज फोडलं की साखर होते, साखर आंबवली की इथेनॉल. दुसऱ्या एका भागाला आम्ल आणि वाफ दिली की फरफ्युरल नावाचं रसायन निघतं, ते वंगणतेल शुद्ध करायला लागतं. अमेरिकेत १९२२ सालापासून ओटच्या टरफलांतून ते काढायला लागले. आपल्याकडे पानिपतला २०२२ साली भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा कारखाना सुरू झाला. वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा हिशेब. तिकडं पेंढा शेतातच पेटवतात, धूर दिल्लीपर्यंत जातो. तो कारखान्यात गेलेला बरा, यात मला शंका नाही. पण आमची पऱ्हाटी फुकट कुठं जळत होती? ती कोणाच्या तरी भाकरीखाली जळत होती.

ठेकेदाराचं यंत्र गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी माय चिमटा घेऊन बांधावर उभी.

"भाऊ, पऱ्हाटी कोनाले देली?"

"इकली, माय."

"काडीबी इकते आता?" एवढंच बोलली. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. घरात तिच्या सिलिंडर आहे, भरून आणायला पैसे नसतात.

त्या रात्री हिशेब मांडला. एक एकर उपटायला तिला आणि सुनेला चार-पाच दिवस लागायचे. त्याची मजुरी धरली तर चारशेच्या कितीतरी वर जाते. म्हणजे मी देत नव्हतोच. ती कामाचा मोबदला नेत होती आणि मी त्याला दान म्हणत होतो. काडीला भाव नव्हता तोवर हा फरक दिसायचं कारणही पडलं नाही. आता कोणी म्हणेल, रान तुझं, काडी तुझी, कायदा तुझ्या बाजूनं. आहे ना. पण वीस वर्षांची रीत मोडताना एका शब्दानं विचारायचं असतं, ते मी विचारलं नाही. जमिनीलाही नाही विचारलं म्हणा. तिच्यातून उगवलेलं सगळंच उचलून नेलं, परत काय टाकलं?

सकाळी तिच्याकडं गेलो, दोनशे रुपये पुढं केले. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, धुऱ्याच्या कडंनं यंत्र पोचलं नाही, तेवढी नेते.

दुपारी मीही गेलो. ती चिमट्यानं उपटत गेली, मी भारे बांधत गेलो. चार झाले. तीन तिनं बाजूला काढले आणि चौथ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हा तुमी न्या, भाऊ. घरी आंघोळीचं पानी कायच्यावर तापवान?"

खरंच, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.