निरोगी देह आणि दुसऱ्याचे दुखणे

आजाऱ्याने औषध घ्यावे, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु जो पूर्णपणे निरोगी आहे, त्याने केवळ दुसऱ्याच्या भल्यासाठी आपल्या देहात औषध टोचून घ्यावे काय? हा प्रश्न आता आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांपुढेही उभा राहतो.

रक्तातील पांढऱ्या पेशी वाढवणारे फिलग्रास्टिम हे औषध १९९१ पासून वापरात आहे. अस्थिमज्जेला पेशी निर्माण करण्याचा निरोप देणारे एक प्रथिन आपल्या देहात निसर्गतःच असते. तेच प्रथिन जिवाणूंकडून तयार करून घेतले जाते. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या म्हणजे रोग्याला त्याचा आधार मिळतो.

याच इंजेक्शनचा दुसराही उपयोग आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या काही रोग्यांना दुसऱ्याच्या मूळपेशींची गरज असते. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली झाले. टाटांच्या खारघर येथील केंद्रातही हे उपचार होतात. ठाण्याहून पनवेलच्या लोकलने तेथे पोहोचता येते. दात्याला चार-पाच दिवस ही इंजेक्शने दिली की मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरतात आणि यंत्राने वेगळ्या काढता येतात. त्या काळात हाडे ठणकतात, डोके दुखते, थकवा येतो; क्वचित प्लीहेला गंभीर इजाही होऊ शकते. बहुतेक दाते मात्र लवकरच पूर्ववत होतात.

आपला देह ही देवाने सोपवलेली ठेव आहे. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्पष्ट केले की, संपूर्ण देहाच्या हितासाठी त्याच्या एखाद्या अवयवाचा त्याग करता येतो. पण भावाचा देह हा माझ्या देहाचा भाग नव्हे. मग त्याच्यासाठी माझ्या देहाला धोका का पत्करावा? या अडचणीवर नीतिशास्त्रज्ञांनी बराच काळ खल केला. उत्तर मिळाले ते प्रीतीच्या आज्ञेत. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार, दात्याचा धोका हा रोग्याला होणाऱ्या लाभाच्या प्रमाणात असेल आणि दात्याची जाणती संमती असेल, तर असे दान उचित ठरते. मूळपेशी तर पुन्हा निर्माण होतात. दात्याचा देह कायमचा उणा होत नाही. तेव्हा पहिली अट बहुधा सहज पूर्ण होते.

खरी अडचण दुसऱ्या अटीची आहे. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते. पूर्वी घरोघरी सहा-सात भावंडे असत. आज कल्याण-डोंबिवलीच्या सदनिकांत एक किंवा दोन मुले. चाचणी जुळली की साऱ्या घराचे डोळे एकाच व्यक्तीकडे लागतात. आई रडते, नातलग समजावतात, आणि त्या व्यक्तीने 'हो' म्हटले तरी ते 'हो' तिचेच होते काय, हे कोणी विचारीत नाही. दाता अजाण मूल असेल, तर आईबापांना एकाच वेळी दोन्ही लेकरांच्या वतीने बोलावे लागते आणि धडधाकट लेकराची बाजू मागे पडण्याचा संभव असतो.

भल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूसाठी स्वतःजवळचे तेल, द्राक्षारस आणि नाणी वेचली. त्याच्यावर कोणी सक्ती केली नव्हती, म्हणूनच ती प्रीती ठरली. प्रीती ही आज्ञा असली तरी ती दुसऱ्याकडून वसूल करण्याचे कर्ज नव्हे. ज्याला हे धैर्य होत नाही, त्याला भ्रातृघातकी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याचबरोबर, ज्याला ते शक्य आहे त्याने केवळ सुईच्या भयाने मागे फिरू नये, हेही तितकेच खरे.

म्हणून कुटुंबांना विनंती अशी की, दात्याला एकट्याला डॉक्टरांशी मोकळेपणी बोलू द्यावे, त्याला 'नाही' म्हणण्याची वाट खुली ठेवावी आणि त्याचे उत्तर काहीही असले तरी घरातील त्याचे स्थान तेच राहील, हे त्याला आधीच सांगावे. आपण रोग्यासाठी प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत दात्याचेही नाव घ्यावे.